एमपीटीला कॉलेज निवडताना

प्रिय मित्रा,

बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली, आता पुण्यातच स्पोर्ट्स फिजिओथेरपीत एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायचं म्हणतोस. फी, होस्टेल, कॉलेजचं नाव हे तू बघशीलच. त्याआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि त्यांची लॉगबुकं (पेशंट आणि ड्यूट्यांच्या नोंदवह्या) मागून बघ. पानोपान गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट आणि सामन्याच्या ड्यूट्या दोन-तीनच, असं दिसलं तर ते शिक्षण ऑर्थोचं, म्हणजे हाडांच्या पेशंटचं आहे. वाईट नाही, पण तुला हवं ते नाही. ड्यूटी असते तेव्हा शेजारी कोणी अनुभवी माणूस उभं असतं का, हेही विचार. एकट्याने उभं राहून चुकीच्या सवयीच पक्क्या होतात.

(तुझ्या एमबीबीएसवाल्या मैत्रिणीला सांग, तिच्यासाठी स्पोर्ट्स मेडिसिनची तीन वर्षांची एमडी आहे, नीट-पीजीतून. जागा मोजक्या आहेत.)

मैदानावर शिकायचं ते हातानं. कबड्डीत रेडरचा पाय मुरगळला, तर घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत दाबून बघायची. मग करंगळीच्या रेषेतल्या पाचव्या मेटाटार्सलचं (पावलातल्या लांब हाडाचं) मूळ आणि पावलाच्या आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हे छोटं हाड. यांतल्या हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. नवशिका नेमका बाहेरच्या घोट्याच्या पुढे दाबतो. तिथे लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) असतं, साध्या मुरगळीतही तिथे दाबलं की खेळाडू ओरडतो, आणि मग सगळ्यांचेच एक्स-रे निघतात.

डोक्याला मार लागून कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचा, संशय आला, तर त्या दिवशी पुन्हा खेळणं नाही. इथे कोचशी वाद होणार, तो घालायची तयारी ठेव. स्कॅट-६ ही कन्कशन तपासायची चाचणी नीट घ्यायला १० ते १५ मिनिटं लागतात. टाइमआउटमध्ये उरकलेली चाचणी धरायचीच नाही. खेळात परतीचे सहा टप्पे असतात, प्रत्येकाला किमान २४ तास.

एप्रिल-मेच्या शिबिरात एखादा पोरगा पळता पळता असंबद्ध बोलायला लागला, तर उष्माघात समज: बर्फाच्या पाण्याचा टब आधी, अँब्युलन्समधून हलवणं नंतर. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो. गुदद्वारातलं तापमान घ्यायचं आणि ते ३९ अंशांच्या थोडं खाली येईपर्यंत बाहेर काढायचं नाही.

पेठांतल्या तालमींत जरूर जा. कानात रक्त साकळलं की ते डॉक्टरकडून लवकर काढून वरून दाब द्यावा लागतो, उशीर झाला की कान कायमचा आखडतो. पण तसा कान पैलवान अभिमानानं मिरवतो, तो दाखवायला तुझ्याकडे कोणी येणार नाही. तूच बघायचं. अंगावरच्या गजकर्णाचंही तेच.

औषधं तू लिहून देणार नाहीस, पण खेळाडू आधी तुलाच विचारेल. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) बंदी असलेल्या औषधांची नवी यादी दर १ जानेवारीला लागू होते, ती वाचत जा. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे. बाहेरच्या अस्थितज्ज्ञाला हे ठाऊक असेलच, असं धरू नकोस.

प्रबंधाबद्दल एवढंच. वर्गमित्रांना ‘खेळाडू’ म्हणून मोजू नकोस. दर आठवड्याला आपसूक भेटतील अशा मुलांवर विषय घे आणि शेवटची मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवू नकोस. दहावी-बारावीची पोरं तेव्हा मैदानावर फिरकत नाहीत, निम्मा नमुना हातचा जातो. मोजणी जानेवारीच्या आत संपेल असा हिशेब करून विषय पहिल्याच सहा महिन्यांत पक्का कर.

तुझा,
सर