वाचकांचे प्रश्न : रोटाची मूठ कोणाच्या नावाची?

सांस्कृतिक मानवशास्त्राविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील आहेत आणि त्यांतील बरेच प्रश्न थेट घरातून, शेतातून किंवा बाजारातून उचललेले आहेत, याचा मनापासून आनंद वाटला. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत ‘संस्कृती’ म्हटले की स्नेहसंमेलन, पोवाडा किंवा मुलांचे चांगले वळण एवढेच डोळ्यांसमोर येते. मानवशास्त्रात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे का? (एक शिक्षिका, पारोळा)

होय, बराच वेगळा आहे. इंग्रज मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली केलेल्या प्रसिद्ध व्याख्येनुसार ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो त्या सगळ्या क्षमता व सवयी यांचे एकत्रित रूप म्हणजे संस्कृती होय. या व्याख्येतील कळीचा शब्द ‘आत्मसात करतो’ हा आहे. आपल्याकडे खापरावरचे मांडे करणारी बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि तो न फाटता चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडते. ही हातोटी कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ती आईच्या किंवा सासूच्या शेजारी बसून, चार मांडे फाडून, बोलणी खाऊन हातात उतरते. पोवाडा ही संस्कृती आहेच, पण मनगटाचे हे वळणही तितकीच संस्कृती आहे. त्यामुळे ‘अमका सुसंस्कृत आणि तमका असंस्कृत’ ही वाटणी मानवशास्त्रात टिकत नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खुद्द टायलर मानवसमाजांना खालून वर जाणाऱ्या पायऱ्यांवर बसवत असत आणि युरोपला सर्वांत वरच्या पायरीवर ठेवत असत. ती शिडी मोडून काढण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांना जाते. प्रत्येक समाज त्याच्या स्वतःच्या इतिहासातून समजून घ्यावा आणि त्याला दुसऱ्याच्या मापाने मोजू नये, हा त्यांचा आग्रह होता. आपण वर्गात व्याख्या टायलरांची सांगितलीत, तरी तिच्यासोबत बोआस यांची ही दुरुस्तीही सांगावी.

प्रश्न : आमच्या घरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, घरातील प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. सासरी गेलेल्या बहिणीच्या नावाची मूठ घेत नाहीत. नव्या वहिनीच्या नावाची मात्र घेतात. तो रोट भाऊबंदांतच खायचा असतो, शेजारी कितीही जवळचे असले तरी त्यांना देत नाहीत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला प्रकार्यवाद, संरचनावाद असे अनेक दृष्टिकोन शिकवतात. या एका प्रथेकडे ते कसे पाहतील? (एक विद्यार्थी, जळगाव)

आपण मुठीचा हिशेब लिहून पाठवला, म्हणून उत्तर देणे शक्य झाले. नुसते ‘आमच्याकडे कानबाई बसते’ एवढेच लिहिले असते, तर सांगण्यासारखे फारसे काही हाती लागले नसते.

प्रकार्यवादी अभ्यासक पहिला प्रश्न विचारील की या प्रथेमुळे काय साधते. रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या मते विधी समाजाची वीण घट्ट ठेवतात. पुणे, सुरत, नाशिक असे पांगलेले भाऊबंद वर्षातून एकदा एका चुलीभोवती येतात, जमिनीच्या वादामुळे अबोला धरलेले दोन चुलतभाऊही एकाच रोटाचे तुकडे खातात, आणि कूळ कुळासारखे दिसू लागते. मॅलिनोव्हस्की यांचा भर किंचित वेगळा होता. पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर त्यांनी पाहिले की शांत खाजणातील मासेमारीत लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खुल्या समुद्रातील धोक्याच्या मासेमारीत मात्र करतात. जेथे कौशल्य पुरत नाही, तेथे विधी धीर देतो, असे त्यांचे म्हणणे. कोरडवाहू कपाशी आणि ज्वारी शेतात उभी असताना, पाऊस पुढे कसा लागेल हे कोणाच्याही हातात नसताना कानबाई येते, याची त्यांनी नक्कीच दखल घेतली असती.

परंतु प्रकार्यवादाने माझे पूर्ण समाधान होत नाही. भाऊबंद एकत्र यायला एखादे साधे जेवणही पुरले असते. मग मूठ का, सव्वा का, आणि शेजाऱ्याला नकार का? मेरी डग्लस यांनी १९६६ साली शुद्ध-अशुद्धाच्या नियमांचा विचार करताना दाखवले की खाण्यापिण्याचे निर्बंध बहुधा समाजाने आखलेल्या सीमारेषा सांभाळत असतात. रोट उंबरठ्याबाहेर जात नाही, याचा अर्थ शेजारी परके वाटतात असा नव्हे. त्याच शेजाऱ्यांच्या घरी एरवी भरीत आणि कळण्याची भाकरी आनंदाने जाते. रोट ज्या रेषेवर थांबतो ती रेषा प्रेमाची नसून कुळाची आहे. ‘सव्वा’विषयी क्लिफर्ड गीर्ट्झ यांच्या अर्थलक्ष्यी दृष्टीने विचार करावा. कृती जशी दिसली तशी नोंदवून थांबू नये, ती करणाऱ्यांच्या लेखी तिचा अर्थ काय आहे तो थर उलगडत जावा, यालाच ते सघन वर्णन म्हणत. सव्वा म्हणजे एक पूर्ण आणि वर वाढीची सुरुवात, म्हणून देवाचे माप कधी नेमक्या एकावर थांबत नाही, असे मला वाटते. हे माझे वाचन झाले. आपण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून ते ताडून पाहावे, आणि त्यांनी वेगळे सांगितले तर माझे खोडून त्यांचे लिहावे.

आता बहिणीची मूठ. आपल्या पत्रातील हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मुठी मोजणे ही खरे तर वर्षातून एकदा होणारी कुळाची खानेसुमारी आहे, आणि तिच्यात मुलगी, म्हणजे अहिराणीतील आंडेर, लग्नाबरोबर वजा होते आणि सून जमा होते. प्रथांमागची परस्परसंबंधांची मांडणी शोधणाऱ्या संरचनावादाचे प्रवर्तक लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात विवाहाकडे दोन गटांमधील देवघेव म्हणून पाहिले. ती देवघेव येथे धान्याच्या मापात दिसते. संरचनावादाचा दुसरा धडा असा की एक प्रथा एकटी वाचू नये, तिच्या समोरासमोर उभी असलेली दुसरी प्रथा शोधावी. खानदेशात ती शोधायला लांब जावे लागत नाही. श्रावणातील रोटातून जी मुलगी वगळली जाते, तिचीच वाट वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेर पाहत असते. गौराई, झोका आणि गाणी हा सगळा पसारा सासुरवाशिणीचा आहे. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, म्हणजे माहेर एकाच सणात आपल्या गेलेल्या माणसांना आणि दिलेल्या मुलींना, अशा दोघांनाही घरी बोलावते. कानबाई आणि आखाजी हे दोन सण एकत्र ठेवल्याशिवाय आपल्याकडील नातेव्यवस्था पुरती कळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

एवढे सांगूनही स्त्रीवादी अभ्यासकांचा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो टाळता येत नाही. मूठ कोणाच्या नावाची हे ठरवते कोण, आणि दळण, पुरण, गंगाफळाची भाजी, खीर हे सारे कष्ट करते कोण? बहिणीला आपली मूठ नसल्याचे काय वाटते, हे आपण तिला कधी विचारले आहे का? आपल्या प्रबंधाचा खरा विषय कदाचित तिच्या उत्तरात असेल.

प्रश्न : होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराविषयी बाहेरचे लोक दरवर्षी लिहितात की हा मुलामुलींनी एकमेकांना पसंत करून पळून जाण्याचा सण आहे. आमच्या घरात कोणी असे म्हणत नाही. खरे कोणाचे मानायचे? (एक पावरा तरुण, धडगाव)

आपला राग रास्त आहे. आपल्या प्रश्नाच्या मुळाशी या शास्त्रातील एक महत्त्वाचा भेद आहे. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९५४ साली ‘एमिक’ आणि ‘एटिक’ अशी जोडी मांडली. समाजातील लोक स्वतः ज्या भेदांनी आणि शब्दांनी जग पाहतात ती आतली दृष्टी, आणि अभ्यासक तुलनेसाठी जी मापे लावतो ती बाहेरची दृष्टी. दोन्हींची गरज असते. पण बाहेरच्याने आतल्याचे न ऐकताच आपले माप लावले, की वर्णनाची जागा कल्पना घेते. सातपुड्यातील भोंगऱ्या हा त्या त्या गावाच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो. लोक गूळ, डाळ्या, साखरेचे हार, कपडे आणि होळीचे सामान घेतात, ढोल वाजतात, नातलग भेटतात. एवढ्या मोठ्या गर्दीत तरुण-तरुणींची भेट होत असेल, तर ती कोणत्याही जत्रेत होते. एखाद्या जत्रेतील भेटीला कोणी त्या जत्रेचा हेतू म्हणत नाही. डोंगरातील बाजाराला मात्र तसे सहज म्हटले जाते. आपल्या रूढीला सामान्य आणि दुसऱ्याच्या रूढीला विचित्र मानण्याच्या या सवयीला स्वसंस्कृतिकेंद्रितता म्हणतात.

ही सवय केवळ अपुऱ्या माहितीतून येत नाही, तिला सत्तेचाही आधार असतो. टायलर यांचा ग्रंथ निघाला त्याच १८७१ साली भारतातील इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही समाजांतील माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली रद्द झाला. कोणाचे वर्णन कोण करतो, याला किती जबर किंमत मोजावी लागते ते यातून दिसते. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आणि मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यात आदिवासींच्या भवितव्यावरून मोठा वाद झाला. एल्विन यांना आदिवासींचे वेगळेपण जपायचे होते, तर घुर्ये यांना ते हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक वाटत होते. दोघांचा अभ्यास दांडगा होता, परंतु त्या वादात आदिवासींचा स्वतःचा आवाज क्षीण होता, हे आज वाचताना मनाला लागते. म्हणून माझी आपणास विनंती आहे की भोंगऱ्याविषयी आपण स्वतः लिहावे, आपल्या भाषेतील शब्दांसह लिहावे, आणि ते प्रसिद्ध करण्यासाठी या मासिकाकडे पाठवावे.

प्रश्न : प्रत्येक संस्कृती तिच्याच नजरेने पाहायची, तर एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करणेही समजून घ्यायचे का? (एक आरोग्यसेविका, अक्कलकुवा)

समजून घ्यायचे, पण मान्य करायचे नाही. सांस्कृतिक सापेक्षता ही अभ्यासाची शिस्त आहे. घाईने निवाडा करू नये असे ती सांगते, निवाडा कधीच करू नये असे सांगत नाही.

मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी तत्कालीन सुदानमधील आझांदे लोकांवर १९३७ साली लिहिलेल्या ग्रंथात एक उदाहरण आहे. धान्याच्या कणगीखाली माणसे सावलीला बसलेली असतात आणि कणगी कोसळते. तिचे खांब वाळवीने पोखरले होते हे आझांदे जाणतात. त्यांचा प्रश्न असा असतो की नेमकी त्याच क्षणी, नेमकी याच माणसांवर ती का कोसळली? चेटूक हे त्या ‘मलाच का’चे उत्तर असते. आपल्या पाड्यावर मूल तापाने दगावते, तेव्हा मलेरिया डासामुळे होतो हे आईला आपण सांगितलेले असते. तरीही ‘माझेच का’ हे उरतेच, आणि त्या दुःखात बोट बहुधा एखाद्या एकट्या, विधवा किंवा जमिनीच्या वाट्यावर हक्क असलेल्या बाईकडे वळवले जाते. हे बोट कोण वळवतो आणि त्यातून कोणाचा लाभ होतो, हे शोधणे मानवशास्त्राचे काम आहे. ती बाई त्याच संस्कृतीतील आहे आणि तिची दृष्टीही आतलीच दृष्टी आहे, हे विसरले की सापेक्षतेचा आधार जुलमाला मिळतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. धोका दिसताच आपण निःसंकोचपणे पोलिसांकडे जावे. अभ्यास त्यानंतरही करता येतो.

प्रश्न : आजीची आखाजीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करायची आहेत. कशी करावीत? (एक वाचक, अमळनेर)

आधी तिची परवानगी घ्यावी आणि ध्वनिफीत पुढे कोण ऐकणार हे तिला स्पष्ट सांगावे. तिला खुर्चीवर बसवून गायला लावू नये. झोका बांधला असेल, बरोबरीच्या बाया जमल्या असतील, तेव्हा आपणही तेथे असावे. मॅलिनोव्हस्की यांनी रूढ केलेले सहभागी निरीक्षण ते हेच. कोणत्या ओळीला बाया हसल्या, कोणत्या ओळीला एखादी गप्प झाली, हे त्याच रात्री वहीत उतरवावे. अहिराणी शब्द तिच्या उच्चाराप्रमाणे लिहावेत, प्रमाण मराठीत सुधारू नयेत. नंतर तिच्याबरोबर बसून तिच्या माहेरची वंशावळ काढावी. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी नातेसंबंध अभ्यासण्यासाठी वापरलेली ही साधी रीत आजही उपयोगी पडते. गाण्यातील भाऊ, भावजय, नणंद ही माणसे कोण होती, हे वंशावळीतून कळत जाते. एखादे गाणे म्हणायला आजी नकार देईल. तेव्हा आग्रह न धरता मोबाइल बंद करावा, आणि त्या दिवसाच्या तारखेखाली तो नकारही लिहून ठेवावा.