आयटीएस सारखंच आलं, मग विविधता नाही का?

प्रश्न: मॅडम, मी गॅनोडर्मावर, म्हणजे रेशी मशरूमवर एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. २५ नमुन्यांचं आयटीएस (बुरशीची प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) सिक्वेन्सिंग केलं तर सगळे जवळपास सारखेच निघाले. विविधता नाही असं लिहू का? एसएसआर मार्कर (नमुन्यांतला फरक दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणा) स्वतः बनवायला जमतील का?

उत्तर: असं अजिबात लिहू नका! आयटीएस प्रजाती ओळखायला चांगलं, एकाच प्रजातीच्या आत ते फारसं बदलत नाही. आणि प्रजातीचं नावही नीट तपासा, कारण गॅनोडर्मा लुसिडम हे नाव १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या बुरशीला दिलेलं, पुढे पूर्व आशियातल्या औषधी लिंगझीलाही (रेशीचंच चिनी नाव) तेच चिकटलं आणि ती तर वेगळीच प्रजाती निघाली.

एसएसआर नक्की जमतील. डीएनएत सीए-सीए-सीए असे छोटे तुकडे लागोपाठ येतात, कॉपी होताना एखादा तुकडा वाढतो नाहीतर गळतो, म्हणून नमुन्यागणिक लांबी बदलते आणि आपल्याला हवा तो फरक तिथे सापडतो. लिंगझीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, २०१२ सालीच प्रसिद्ध झालाय, सुमारे ४.३ कोटी अक्षरांचा, त्यामुळे असे रिपीट कॉम्प्युटरवरच शोधता येतात. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या न बदलणाऱ्या भागावर १८ ते २२ अक्षरांचे प्रायमर (तिथे चिकटून मधल्या भागाची कॉपी सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) बनवा. प्रायमरच्या बऱ्याच जोड्या गळतील, काही चालणारच नाहीत, काहींत सगळ्यांची लांबी एकच येईल, हे धरूनच चाला. दोन अक्षरांचा फरक डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या साध्या ॲगरोज जेलवर दिसत नाही, कॅपिलरी यंत्र नाहीतर पॉलिॲक्रिलामाइड जेल लागतं.

आता खरी मेख. मशरूमच्या छत्रीच्या पेशींत दोन केंद्रकं असतात, म्हणून एका मार्करला जास्तीत जास्त दोन पट्ट्या, म्हणजे दोन वेगळ्या लांब्या, याव्यात. तीन आल्या तर नमुन्यात भेसळ आहे किंवा तो भाग जीनोममध्ये दोनदा आहे. एकच आली तर लगेच खूश होऊ नका, दुसऱ्या केंद्रकात प्रायमर बसायची जागाच बदललेली असू शकते. त्याच छत्रीचे एकेक बीजाणू वेगळे वाढवून बघा (उगवायला फार छळतात, पण चिकाटी सोडू नका), काहींत पट्टीच आली नाही तर शंका खरी.

आणि एका ओंडक्यावरच्या पाच छत्र्या पुष्कळदा एकाच बुरशीजाळ्याच्या असतात, तसं असेल तर ते पाच नमुने नाहीत, एकच. तुमचे २५ किती झाडांवरचे ते पत्रात नाही लिहिलंत, प्रायमर मागवायच्या आधी तेवढी नोंदवही उघडून बघा.