अमेरिकेत जजच्या वंशामुळे निकाल बदलतो का?

बदलतो, पण सगळ्या केसेसमधे नाही, फरक ठळक दिसतो तो वंशाशी थेट संबंध असलेल्या केसेसमधे. तिथल्या फेडरल अपील कोर्टात सहसा ३ जजांचं पॅनल बसतं, आणि मतदानात वंशावरून होणारा भेदभाव रोखणाऱ्या मतदान हक्क कायद्याच्या केसेसवर कॉक्स आणि माइल्स यांचा २००८ चा अभ्यास आहे, त्यात कृष्णवर्णीय जज कायदा मोडला गेला असं जास्त वेळा म्हणतात हे तर दिसलंच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, त्यांच्या शेजारी बसलेले गोरे जजसुद्धा तसं मत जास्त वेळा देतात! म्हणजे एका माणसाने अख्खं पॅनल हलतं. अर्थात वंशावरून मत ठरतंच असं नाही हं, सुप्रीम कोर्टाचे जज थर्गुड मार्शल आणि त्यांच्या जागी आलेले क्लॅरेन्स थॉमस दोघंही कृष्णवर्णीय, पण अफर्मेटिव्ह ॲक्शनवर (म्हणजे मागे राहिलेल्या गटांना प्रवेश-नोकऱ्यांत झुकतं माप देण्यावर) अगदी विरुद्ध टोकाला.