पाइन-स्प्रूसच्या लहान रोपांना नत्र जास्त मिळालं तर ती लवकर वाढतात का?

वाढतात, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि नत्र कोणत्या रूपात मिळतंय यावर बरंच अवलंबून असतं. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात जमिनीत नत्र असतं, पण हळूहळू कुजणाऱ्या सुयांच्या (म्हणजे सुईसारख्या पानांच्या) थरात ते अडकून पडतं, त्यामुळे रोपाच्या वाट्याला थोडंच येतं. उपाशी रोप लांबूनही ओळखू येतं: सुया आखूड नि फिकट, जुन्या सुया आधी पिवळ्या, वर्षभरात शेंडा जेमतेम बोटभर.

यातली खरी मेख मुळांची आवड. जमिनीत नत्र मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेट या दोन रूपांत मुळांना मिळतं. १९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी व्हाइट स्प्रूसच्या रोपांवर दाखवलं, की त्यांची मुळं नायट्रेटपेक्षा अमोनियम २० पटींपर्यंत जास्त शोषतात. जंगल तोडल्यावर जमिनीत नायट्रेट वाढतं. हे नायट्रेट गवत आणि झुडपं पटापट उचलतात, आणि नव्याने लावलेलं स्प्रूस भरल्या ताटासमोर उपाशी बसतं. म्हणून खत टाकण्याआधी रोपाभोवतीचं गवत काढा, नाहीतर पहिला घास त्याचाच.

अति नत्र मात्र नको. शेंडा धावतो, मुळं मागे राहतात (नर्सरीत असं रोप दिसायला झकास असतं!), मुळांवरची उपयोगी बुरशीही कमी होऊ शकते, आणि पाण्याचा ताण पडला की असं रोप आधी मान टाकतं. शिवाय वाढ पाण्यामुळे किंवा स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेमुळे अडली असेल, तर नुसत्या नत्राने फारसा फरक पडत नाही; माती किंवा सुया तपासून मगच ठरवा.