एलसी आहे, पण नोंदवली का?

आयातीचा माल 'फ्री' (परवान्याशिवाय आणता येणाऱ्या) यादीत असताना तुम्ही एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी (लेटर ऑफ क्रेडिट), उघडली. पुढे अधिसूचना निघून तो 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे परवाना लागणारा, झाला. बिल ऑफ लेडिंगवरची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरची) तारीख त्यानंतर सहा दिवसांची, आणि बाराव्या दिवशी तुम्ही विचारता की सौदा आधीचा आहे, तर माल सुटेल ना? प्रत्येक अधिसूचनेमागून अशी पत्रं येतात.

सौद्याच्या तारखेला इथे किंमत नाही. टीटीने (बँकेतून थेट परदेशी खात्यात) पाठवलेल्या ॲडव्हान्सलाही नाही. परकीय व्यापार धोरण २०२३ चा परिच्छेद १.०५ दोनच गोष्टी मानतो: निर्बंधाआधीची बिल ऑफ लेडिंग, किंवा निर्बंधाआधी उघडलेली अपरिवर्तनीय (एकतर्फी रद्द न करता येणारी) एलसी. पहिली तुमच्याकडे नाही. दुसरी आहे, पण निर्बंध लागल्यापासून १५ दिवसांत ती डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) तुमच्या विभागीय कार्यालयात नोंदवावी लागते. म्हणजे उरले तीन दिवस. बारा दिवस तुम्ही सीएचएच्या (सीमाशुल्क दलालाच्या) 'बिल ऑफ एंट्री टाकून बघू'वर, म्हणजे आयातीचा कागद सीमाशुल्काकडे भरून बघू यावर, काढलेत!

अर्जाआधी अधिसूचनेचा शेवट वाचा. 'परिच्छेद १.०५ लागू नाही' असं तिथे असेल, तर नोंदणीचा उपयोग नाही. हाच परिच्छेद निर्यातीलाही लागतो, आणि २० जुलै २०२३ ची बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची आणि ८ डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी अशीच होती. अधिसूचनेतच दिलेल्या अपवादांत बसला तेवढाच माल गेला.

तसं काही नसेल तर बँकेकडून स्विफ्टचा (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याचा) एमटी ७०० संदेश, म्हणजे एलसी उघडल्याचा संदेश, आजच मागवा. रकाना ४०ए मध्ये 'इररिव्होकेबल', ३१सी मध्ये एलसीची तारीख, ४४सी मध्ये माल चढवायची शेवटची तारीख. मे २०२२ च्या गहू निर्यातबंदीनंतर मागच्या तारखांच्या एलसी पुढे आल्या, तेव्हापासून बँकेच्या नुसत्या पत्रावर कुणी विसंबत नाही. सवलत मिळते ती एलसीत शिल्लक असलेलं प्रमाण, मूल्य आणि मुदत यांपुरतीच. अधिसूचनेनंतर दुरुस्ती करून तुम्ही वाढवलेला माल त्यात धरू नका.

अर्धा माल हाय सी सेलने, म्हणजे तो समुद्रात असतानाच विकून, दुसऱ्याला द्यायचा विचार सोडा. या मार्गाने होणाऱ्या आयातीला ही सवलत नाही, हे त्याच परिच्छेदात लिहिलंय.

कंटेनर बंदरात अडकलाच तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली माल गोदामात ठेवण्याची परवानगी मागा. ती एका वेळी ३० दिवसांपर्यंत मिळते, पुढे वाढवून घेता येते. गोदामाचं भाडं पडेल, पण कंटेनर रिकामा झाला की शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) थांबतं.

१५ दिवस हुकले तर डीजीएफटीच्या धोरण शिथिलता समितीकडे अडचण मांडता येते. ती काय ठरवेल ते सांगता येणार नाही. सीमाशुल्क खातं कलम १११(डी) खाली माल जप्त करू शकतं, आणि मनाई असलेला माल ठरला तर कलम १२५ खाली दंड घेऊन सोडायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. उच्च न्यायालयात रिट करता येईल, पण तारखा पडत राहतील आणि भाड्याचं मीटर काही न्यायालयासाठी थांबत नाही.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरा आणि संगणकीय पोच हातात घ्या. विभागीय कार्यालयाला पाठवलेला ईमेल म्हणजे पोच नव्हे.