ज्युनियर वर्ल्ड्सला पहिल्यांदा निघालेल्या स्प्रिंटरला

प्रिय दोस्ता,

टीममध्ये तुझं नाव आलं, खूप खूप आनंद झाला रे. मेसेज वाचला, सोबत एंट्री लिस्टचा फोटोही बघितला, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा सीझन बेस्ट, म्हणजे या मोसमातलं सर्वोत्तम टायमिंग, आणि खाली तुझा प्रश्न, की एवढे जण माझ्यापेक्षा फास्ट आहेत तर मी तिथे जाऊन करू काय. त्या प्रश्नावरच लिहितोय, जरा लांबेल, पण फ्लाइटमध्ये तुला वेळच वेळ आहे.

पहिलं म्हणजे ती लिस्ट बंद कर आणि त्याऐवजी वर्ल्ड अंडर-20, म्हणजे हीच ज्युनियर वर्ल्ड्स, त्यातल्या मुलांच्या शंभर मीटरच्या फायनलचे रिझल्ट उघड. 2014 युजीन, गोल्ड गेलं 10.21 ला. 2016 बिडगोश्च 10.17. 2018 टाम्पेरे 10.18. 2021 नैरोबी 10.19. 2024 लिमा परत 10.19. पाच फायनल, पाच वेगळे देश, वेगळी हवा, वेगळी मुलं आणि जिंकणाऱ्या टायमिंगमध्ये फरक फक्त चार शतांशांचा. मधे 2022 ला कोलंबियातल्या कालीमध्ये बोट्स्वानाचा लेत्सिले तेबोगो 9.91 पळाला आणि ज्युनियर वर्ल्ड रेकॉर्ड केला, हे खरं, पण तो तेबोगो आहे, दोन वर्षांनी पॅरिसला 200 मध्ये ऑलिम्पिक गोल्ड घेणारा. एरवी ही फायनल 10.2 च्या आसपास जिंकली जाते, आणि एंट्री लिस्टमध्ये त्याच्याहून भारी आकडे असले तरी जिंकली जाते.

सगळ्यात ठळक उदाहरण ट्रेव्हॉन ब्रोमेलचं. जून 2014 मध्ये युजीनच्याच ट्रॅकवर तो 9.97 पळाला होता, दहा सेकंदाच्या आत येणारा जगातला पहिला ज्युनियर. पुढच्या महिन्यात त्याच ट्रॅकवर वर्ल्ड ज्युनियर्स झाली आणि फायनलला तो 10.28 पळून दुसरा आला, केंडल विल्यम्स 10.21 ला जिंकला. म्हणजे विल्यम्सने 9.97 च्या माणसाला हरवायला 9.96 पळायची गरज पडली नाही. तुला सांगायचंय ते एवढंच आहे, की चॅम्पियनशिपमध्ये कागदावरच्या टायमिंगशी शर्यत नसते, त्या संध्याकाळी त्या आठ जणांमध्ये कोण स्वतःची नेहमीची रेस तिसऱ्यांदा तशीच्या तशी पळू शकतो याची असते.

तिसऱ्यांदा हा शब्द नीट लक्षात घे. एरवी मीटला तू एक-दोन रेस पळतोस आणि घरी जातोस. इथे हीट, सेमी, फायनल, आणि मधल्या तासांत पाय हळूहळू जड होत जातात. बरेच जण हीटमध्येच सीझन बेस्ट मारतात कारण अंगात सगळा जोश तेव्हाच असतो, मग सेमीला खांदे वर चढलेले, फायनलला तर सुटतानाच दमल्यासारखे दिसतात. म्हणून हीट पूर्ण ताकदीने सुटायची, साठ-सत्तर मीटरपर्यंत खरी रेस पळायची, आणि तिथे क्लिअर पुढे असशील तरच मोकळं व्हायचं, पण मोकळं होणं म्हणजे थांबणं नाही हं, टेक्निक तेच, फक्त जोर लावायचा नाही. आजूबाजूला बघत शेवटचे पाच मीटर सोडून देऊ नकोस. रिझल्टमध्ये मोठा क्यू म्हणजे हीटमधल्या नंबरावर क्वालिफाय आणि छोटा क्यू म्हणजे टायमिंगवर, आणि छोट्या क्यूच्या रांगेत एका शतांशासाठी पोरं बाहेर राहतात.

आता लेन. लेन कुठली येईल यावर झोप घालवू नकोस. मागच्या राउंडमध्ये चांगलं केलेल्यांना मधल्या लेन मिळतात, कडेची मिळाली तर टीव्हीवाले पण तुझ्याकडे बघणार नाहीत, चालेल. टाम्पेरेला इंडोनेशियाचा लालू मुहम्मद झोहरी आठव्या लेनमधून पळाला आणि 10.18 ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, अमेरिकेचे दोघं, अँथनी श्वार्ट्झ आणि एरिक हॅरिसन, दोघंही 10.22. ती रेस शोधून बघ, आणि झोहरीकडेच बघ, शेवटपर्यंत तो आपल्याच लेनमध्ये पळतोय, डावीकडे काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खरी परीक्षा मला विचारशील तर कॉल रूममध्ये असते. वॉर्म-अप संपवून तू तिथे जातोस, बिब (छातीवरचा नंबर), स्पाइक्स, बॅग सगळं तपासतात, फोन आत न्यायला परवानगी नाही, आणि मग बसायचं. घाम सुकतो, अंग गार पडायला लागतं, समोर सात जण, कुणी उड्या मारतोय, कुणी मांडीवर चापट्या, कुणी मुद्दाम तुझ्याकडे रोखून बघतोय. वॉर्म-अप संपायची वेळ या बसण्याचा हिशोब करून ठरव, ट्रॅकपँट शेवटपर्यंत काढू नकोस, जागा असेल तिथे घोटे, नितंब हलवत राहा. नजर हवी तर जमिनीवर ठेव, त्यात कमीपणा काही नाही. आणि भीती वाटली तर वाटू दे. 2002 च्या वर्ल्ड ज्युनियर्सला जमैकात, किंग्स्टनला उसेन बोल्ट घरच्या स्टेडियममध्ये 200 ची फायनल पळायच्या आधी इतका घाबरला होता की त्याने स्पाइक्स उलटसुलट पायात घातले, हे त्यानेच नंतर सांगितलंय. वय पंधरा. मग नीट घातले आणि 20.61 ला जिंकला.

ट्रॅकवर नेल्यावर मिनिटं मोजकीच असतात आणि स्टार्टिंग ब्लॉक्स, म्हणजे सुटताना पाय टेकवायचे ठोकळे, तुझ्या रोजच्या सरावाचे नसतात. म्हणून सेटिंग पाठ हवं, "साधारण एवढं" असं नको. रेषेला टाच लावून पावलांनी मोज, पुढचं पेडल किती पावलांवर, मागचं किती, अँगल कुठल्या खाचेत. पेडल लॉक झालंय का ते हाताने ओढून बघ, ब्लॉकवर मागून जोरात पाय दाब, खिळे ट्रॅकमध्ये बसलेत का कळतं. मग एकच प्रॅक्टिस स्टार्ट, वीस-पंचवीस मीटर, चालत परत. पेडल सरकतंय असं जरा जरी वाटलं तर लगेच अधिकाऱ्याला सांग, लाजू नकोस, भाषा येत नसली तरी बोट दाखवलं की कळतं त्यांना.

"सेट" नंतर बंदूक किती वेळाने वाजेल याचा अंदाज बांधत बसू नकोस. ब्लॉक्समध्ये सेन्सर असतात, 0.100 सेकंदाच्या आतली रिअ‍ॅक्शन म्हणजे फॉल्स स्टार्ट, आणि 2010 पासून पहिल्याच चुकीला बाहेर, दुसरा चान्स नाही. स्टार्टर कधी जास्त थांबवतो, कधी कमी, तू त्याला ओळखत नाहीस. चांगली रिअ‍ॅक्शन 0.13 ते 0.16 च्या मधे असते, म्हणजे अंदाज लावून जास्तीत जास्त पाच-सहा शतांश कमवशील आणि डावावर सगळं वर्ष. आवाज आला की निघायचं, बास. आणि बंदुकीआधी खरंच काही गडबड झाली, डोळ्यात काही गेलं, ब्लॉक हलला, तर हात वर कर, नियमात बसतं ते, पण उगाच वेळ काढायला केलंस तर ताकीद मिळेल.

रेसच्या मधल्या भागाबद्दल आपण शंभरदा बोललोय तरी परत लिहितो, कारण फायनलला नेमकं हेच विसरायला होतं. पन्नास-साठ मीटरच्या आसपास तुझा टॉप स्पीड येतो. त्यानंतर आठमधला कुणीही वेग वाढवत नाही, सगळ्यांचा उतरतोय, ज्याचा सगळ्यात हळू उतरतो तो पुढे सरकल्यासारखा दिसतो. शेजारचा पुढे दिसला की तू जबडा आवळणार, खांदे कानाला लावणार, पावलं लांब टाकणार, आणि त्या लांब टाकलेल्या प्रत्येक पावलाला स्वतःलाच ब्रेक मारणार. गाल सैल ठेव. गाल सैल असले की मान सैल राहते, मान सैल तर खांदे, हात मग आपोआप चालतात. सत्तर मीटरला दुसरा काही विचार करूच नकोस, गाल.

फिनिशला छाती. डोकं नाही, हात नाही, धड रेषेवर कधी आलं तेच फोटो फिनिशमध्ये मोजतात. कालीला 200 ची फायनल झाली त्यात इस्रायलचा ब्लेसिंग अफ्रिफाह आणि तेबोगो, दोघांचंही टायमिंग 19.96. दोघांचं सारखंच! सहस्रांशात बघितलं आणि गोल्ड अफ्रिफाहला गेलं. डिप, म्हणजे छाती पुढे झोकणं, रेषेवर मारायचा, रेषेच्या आधी तीन मीटर नाही, आणि रेषा गेल्यावरही दहा-पंधरा मीटर पळत राहायचं. हे सरावात प्रत्येक धावेला केलं तरच तिथे होतं.

तू 200 पण पळणार आहेस म्हणून एक सांगून ठेवतो, वळणावर आतल्या रेषेपासून हातभर लांब राहा, अगदी चिकटून पळायच्या नादात पाय आत पडला तर टायमिंग कितीही भारी असो, रिझल्टमध्ये नावापुढे डीक्यू, म्हणजे बाद. आणि वारा. समोरचा असेल तर सगळ्यांनाच समोरचा आहे. प्लस 2.0 च्या वरचा असेल तर रेकॉर्ड धरत नाहीत, पण मेडल मिळतंच, त्यामुळे वाऱ्याचा आकडा रेसनंतर बघ.

वयाचं पण बोलतो, कारण वॉर्म-अप ट्रॅकवर तुला धक्का बसणार आहे. वर्षअखेरीला वीस पूर्ण झालेली नसली की झालं, त्यामुळे सोळाचा पोरगा आणि एकोणीसचा पूर्ण भरलेला गडी एकाच हीटमध्ये. काहींच्या मांड्या बघून वाटेल हे ज्युनियर कसे. अरे, लिमाला साउथ आफ्रिकेचा बायांडा वालाझा आला तोच मुळी काही आठवड्यांपूर्वी पॅरिस ऑलिम्पिकच्या रिलेचं सिल्व्हर घेऊन, आणि त्याने 100, 200 दोन्ही मारलं. पण त्याच 200 मध्ये दुसरा कोण आला, ऑस्ट्रेलियाचा गाउट गाउट, वय सोळा, 20.60, वालाझा 20.52. शरीर अजून भरायचंय म्हणून तुझी जागा तिथे नाही असं अजिबात नाही, आणि या वर्षी सेमीतून बाहेर पडलास तरी तुझ्या वयाला अजून एक वर्ल्ड ज्युनियर्स शिल्लक आहे, हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाहीये, कॅलेंडर बघून म्हणतोय.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तिथल्या डायनिंग हॉलमध्ये जे पोटाला माहीत आहे तेच. दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा नको, कुणी प्रेमाने दिलेली पावडर, गोळी, जेल काही नको, सॅम्पलमध्ये जे सापडेल त्याला जबाबदार तूच, कुणी दिलं हे नंतर कितीही सांगितलंस तरी. सर्दी-तापाची गोळीसुद्धा टीम डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. डोप टेस्टला बोलावलं तर घाबरू नकोस, फॉर्म नीट वाचून सही कर, आणि तू अठराच्या आतला आहेस म्हणून सोबत आपलं मोठं माणूस घेऊन जायचा हक्क आहे तुला, तो वापर.

राहिली रिले. फोर बाय हंड्रेडचा बॅटन द्यायचा-घ्यायचा झोन आता तीस मीटरचा आहे, 2017 च्या शेवटी नियम बदलला, त्यामुळे आउटगोइंगला, म्हणजे बॅटन घेणाऱ्याला, वेग पकडायला भरपूर जागा मिळते आणि नेमकं तिथेच पोरं घाई करतात. चेकमार्कची टेप, म्हणजे येणारा कुठे पोचला की सुटायचं ती खूण, तिथल्या ट्रॅकवर, तिथल्या सरावात परत मोजून ठरवा, इथले आकडे तसेच नेऊन चिकटवू नका, कारण बॅटन घेऊन मागून येणारा त्या दिवशी किती फ्रेश आहे त्यावर ते बदलतं, तो सकाळी 200 ची सेमी पळून आला असेल तर टेप अर्ध्या-एक पावलाने जवळ घ्या. हे चौघांनी एकत्र बसून ठरवायचं, एकट्याने नाही. आणि शंभरच्या फायनलला गेलास किंवा नाही गेलास, दोन्ही केसमध्ये रिलेच्या सरावाला त्याच तोंडाने यायचं, बाकी तिघांचीही ती पहिलीच वर्ल्ड्स आहे.

निघायच्या आधी एक काम कर, आजच संध्याकाळी ब्लॉक्सची पावलं, पेडलच्या खाचा आणि रिलेची टेप, सगळं एका कागदावर लिहून बॅगेच्या झाकणात चिकटव, आणि त्याचा फोटो मला पाठव. हीट झाली की टायमिंग पाठवू नकोस, ते मला ऑनलाइन दिसेलच. स्टार्ट कसा वाटला आणि सत्तरला गाल सैल होते का, तेवढं कळव, मी जागा असेन.

तुझा,
सर