‘बाबा सारखं मरणाचंच बोलतात’

(ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील ७१ वर्षांचे, एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. वर्षापूर्वी बायपास झालेली. मुलगी त्यांना आमच्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली ती एकच तक्रार सांगत: “सारखं मरणाचंच बोलतात, काहीतरी समजवा.” घरात त्यांनी विषय काढला की बायको म्हणे, शुभ बोला. मुलगा फोनवर म्हणे, तुम्हाला काय धाड भरलीय!

मुलीला बाहेर बसवल्यावर काका मोकळे झाले. “श्राद्धात पिंड तिघांनाच. बाप, आजा, पणजा. त्याच्या वरच्यांचं नाव भटजीही विचारत नाहीत. मग माझं काय राहणार?”

अशा वेळी आधी एक गोष्ट तपासावी लागते. मरणाचा विचार करणं वेगळं आणि मरून जावंसं वाटणं वेगळं. झोप, भूक, आवडीच्या कामातला रस, ‘मी घराला ओझं झालोय’ ही भावना, हे विचारायचं. मग आडवळण न घेता विचारायचं: स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं, ही भीती निराधार आहे. उत्तर ‘हो’ आलं, किंवा दोन आठवडे मन सतत उदास राहिलं, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. काकांचं तसं काही नव्हतं. जेवण नीट, नातवाची सायकल स्वतः दुरुस्त करत होते. त्यांना ऐकणारा माणूस हवा होता, एवढंच.

दुसऱ्या भेटीला ते वही घेऊन आले. आत्मचरित्र सुरू केलं होतं. ४० पानं झाली आणि गाडी अजून चौथीच्या वर्गातच. हे हमखास होतं. जन्मापासून क्रमाने लिहायला बसलेला माणूस बालपणातच दमतो, आणि ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं पानांवर येतच नाहीत.

आम्ही वापरतो ती पद्धत ‘डिग्निटी थेरपी’वर बेतलेली आहे: माणसाला आयुष्याबद्दल बोलतं करायचं आणि ते शब्द घरच्यांसाठी लिहून ठेवायचे. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी ती अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी बसवली. १०० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी वृद्धांसाठी तिचा ढाचा थोडा सैल करावा लागतो. वही बाजूला ठेवायची आणि बोलायचं. पंखा बंद, ध्वनिमुद्रणासाठी फोन विमान मोडवर, वीतभर अंतरावर. एका बैठकीत ४०-४५ मिनिटं पुरे. प्रश्न मोजकेच: आपण खरे जिवंत होतो असं कधी वाटलं? कोणत्या कामाचा अभिमान आहे? कुणाला काय सांगायचं राहिलंय? कुणाला काय माहीत असायला हवं?

पहिल्या बैठकीत काकांनी अर्धा वेळ धाकट्या भावावर आणि बांधाच्या भांडणावर घालवला. अडवलं नाही. ध्वनिमुद्रण उतरवून (४० मिनिटांच्या बोलण्याला तीन-चार तास लागतात, ही तयारी ठेवा) आठवड्याभरात त्यांना वाचून दाखवलं. भावाचा मजकूर ऐकून म्हणाले, “हे काढा. नातवाला याचं काय!” हे वाचून दाखवणं कधीच टाळू नये. माणूस गेल्यावर त्याच्या शब्दाला खुलासा नसतो. रागाचं एक वाक्य मागे राहिलं तर मुलं ते आयुष्यभर उकलत बसतात.

दुसऱ्या बैठकीत वेगळंच निघालं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला बिघाड ते ऐकायचे. हाताखालच्या पोरांना तसं ऐकायला शिकवायचे. आणि मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते घरी का नव्हते, हे त्यांनी मुलाला कधी सांगितलंच नव्हतं. रात्रपाळीनंतर दुसऱ्याच्या बदल्यात दिवसपाळी केली होती, पुढच्या फीसाठी. सगळं मिळून नऊ पानं झाली. त्यातली दोन मुलाच्या नावाने.

कागदपत्रांचं बोलणं त्यानंतर सोपं गेलं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात; नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेतलं नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, ही गफलत घरोघरी असते. कृत्रिम श्वासयंत्र वगैरे नको असेल तर वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये अटी सोप्या केल्या: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. नेत्रदानाला साधारण सहा तासांचीच मुदत असते, त्यामुळे फॉर्म भरून भागत नाही. फोन कोण करणार, ते घरात ठरलेलं हवं.

मुलीला आम्ही एवढंच सांगितलं: ते पुन्हा म्हणाले, ‘मी गेल्यावर...’, तर वाक्य तोडू नका. ‘मग काय करू आम्ही? सांगा ना,’ असं विचारा आणि गप्प बसा. पहिल्यांदा जड जातं. बहुतेक वेळा उत्तर छोटं असतं. काकांचं होतं: दहाव्याला मोठं जेवण नको, आणि हत्यारांची पेटी भंगारात घालू नका.

या पानांच्या आणि सूचनांच्या प्रती तीन काढल्या. काकांना एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची होती; ते नको म्हटलं. लॉकर उघडायच्या खटपटीत दिवस जातात आणि अंत्यविधीच्या सूचना तेराव्यानंतर हाती येतात. प्रत आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. ती पिशवी कुठे आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असतं.